लाल दोऱ्याचं फडकं

सातारा, रविवार, ७ जुलै २०२४

चि. प्रियदर्शनी,

तात्याचा आशीर्वाद. पत्र डब्याच्या झाकणाला चिकटवून पाठवतोय, म्हणजे डबा उघडायच्या आधी ते तुझ्या नजरेला पडेल. वाच, मग पाहिजे तर डबा परत पाठव. नानासो ड्रायव्हर उद्या सकाळी सांगली स्टँडवरून निघताना घेऊन येईल, नेहमीसारखा.

आत खरवस आहे. दचकू नकोस. नारळाच्या दुधाचा आहे. या घरात आता जनावराच्या दुधाचा थेंब नाही. तुझ्या आईचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी चंद्री म्हैस मी बिरदेवाच्या दावणीला नेऊन बांधली. चहासुद्धा कोराच पितो. लालासाहेब सुभेदार शेजारून येतो, कप तोंडाला लावतो आणि म्हणतो, "गड्या, ह्यो च्या हाय का गाडीचं वंगण?" तरी दोन कप पिऊनच उठतो.

आई गेली त्या दिवशी तू आलीस, तासभर थांबलीस. तिच्या पायाला हात लावला नाहीस. बायकांनी बघितलं, कुजबुजल्या. मी सगळ्यांना एवढंच सांगितलं, की चूक हिच्याच हातून झाली होती, पोरीचा राग रास्त आहे. तुला बोल लागू दिला नाही.

गेली दीड-दोन वर्षं तिनं दर रविवारी असाच डबा पाठवला. दर सोमवारी तो तसाच परत आला, गाठसुद्धा सुटलेली नसायची. तिनं तो कधी गटारीत ओतला नाही. माझ्यापुढं ठेवायची आणि 'खा' म्हणायची. अन्नाची तिला कदर होती.

फौजेत चोवीस वर्षं मी लंगर सांभाळला. दोनशे जवानांचं वरण डोळे झाकून केलं. पण हा चार घासांचा खरवस तीन रविवार मला खेळवत होता. नारळ खवून कोमट पाण्यात चोळायचा. पाणी कडक झालं की तेल सुटतं. पहिलं घट्ट दूध बाजूला ठेवायचं, दुसरं पातळ दूध गूळ घालून तापवायचं, त्यात चायनाग्रास विरघळवायचं आणि घट्ट दूध अगदी शेवटी. ते उकळलं की फाटतं. हे मला शिकवलं कुणी नाही. सांडत, फाडत शिकलो.

आणि फडकं नवं कोरं आणलंय. ज्या फडक्यात तिनं चक्का टांगला आणि त्यातूनच शिवासाठी नारळाचं दूध गाळलं, ते या घरात नाही. तुझ्या चार वर्षांच्या पोराला दुधाचा एवढा वास लागला आणि तीन दिवस तो नळीवर होता. ती दिवाळी मी विसरलेलो नाही.

तुझा,
तात्या


सातारा, रविवार, १८ ऑगस्ट २०२४

चि. प्रियदर्शनी,

सहा रविवार झाले, डबा रिकामा येतोय. धुतलेला, पुसलेला. गेल्या सोमवारी आतमध्ये तुझा कागद मिळाला. लंगरात साहेबाच्या शेऱ्याची वाट बघायचो तसा दारातच उभा राहून वाचला.

"तात्या, शिवानं सगळं खाल्लं. आईच्या हातचं असतं तर मी उघडलं नसतं."

दोनच ओळी. पहिली वाचून आनंद झाला. दुसरी मी घडी घालून खिशात ठेवली.

उद्या नारळी पौर्णिमा. डब्यात नारळीभात आहे, तूप न घालता. तुपाची चव यायला घट्ट दुधावरची साय अंगच्या तेलात परतली, लवंग टाकली. नानासोनं वास घेतला आणि म्हणाला, "आवं तात्या, असल्या वासानं घाटात डायवरला झोप न्हाई लागायची, भूक लागायची."

तुला एक सांगून ठेवतो. दुकानात नारळाच्या दुधाची पावडर मिळते, ती आणू नकोस. पुड्यावर समोर नारळाचं झाड असतं आणि मागं बारीक अक्षरात दुधाचा पदार्थ लिहिलेला असतो. मी भिंग लावून वाचलं. समोर एक आणि मागं एक, अशी चीज घरात घ्यायची नाही.

जावईबापूंचं कुपवाडचं वर्कशॉप बरं चाललंय ना?

तात्या


सातारा, रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

चि. प्रियदर्शनी,

आज केक आहे. सत्तरीच्या म्हाताऱ्यानं केक केला म्हणून लालासाहेब सकाळपासून ओट्याजवळ पहारा देत होता. नारळाच्या दुधात लिंबू पिळून दहा मिनिटं ठेवलं, की ते ताकासारखं होतं. त्यात सोडा फसफसतो. लोण्याच्या जागी साधं तेल. कुकरच्या तळाला मीठ पसरलं, शिट्टी काढली, वर डबा ठेवला. पहिला केक दगड झाला, दुसरा मधोमध बसला. तिसरा तुझ्या हातात आहे. लालासाहेब म्हणाला, "हवालदार, बायको गेली आणि तुझ्यात शिरली बघ." मी हसलो.

तुझा कागद चारदा वाचला. तू लिहितेस, "तात्या, दिवाळीला या आणि परत जाऊ नका. वरची खोली मोकळी आहे. शिवा फक्त तुमच्या हातचं पोटभर खातो. पण आईचं काही आणू नका. भांडं नको, फोटो नको, तिचं नाव नको."

बाळ, तू बोलावलंस यातच सगळं आलं. या घरात भिंतीशी बोलून बोलून भिंतच मला जाब विचारायला लागलीय. मी येतो.

तू सांगितलंस तसं केलं. पातेली, पाटा-वरवंटा, विळी, तिचा पितळी डबा, सगळं रमजान भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवलं. तो म्हणाला, "चाचा, भाभीचं पातेलं तरी ठेवा." मी म्हणालो, घेऊन जा. फोटो ट्रंकेत पालथा घातलाय.

एक फडकं तेवढं राहिलंय. तेही टाकीन.

तात्या


सातारा स्टँड, रविवार, २७ ऑक्टोबर २०२४

चि. प्रियदर्शनी,

आज डबा नाही. नुसतं पत्र आहे, ते नानासोच्या हाती देतोय. पिशवी घेऊन, दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून मी स्टँडवर आलो. सांगली गाडीत खिडकीची जागा धरली आणि उतरलो. दुसरी गाडी आली, तीही सोडली. आता बाकावर बसून लिहितोय. उद्या वसुबारस. तुझ्या घरी माझी वाट बघत असतील.

बुधवारी तू शिवाच्या हातात फोन दिलास. तू आत गेली होतीस, तुला ऐकू आलं नसेल. त्यानं विचारलं, "आजोबा, मला विष आजीनं घातलं व्हय?"

मी म्हणालो, "व्हय, बाळा."

तो म्हणाला, "मग मी तुमच्याच हातचं खाणार. आजीनं पाठवलं तर थुंकणार."

सहा वर्षांचं पोर. आता जे लिहितो ते उभ्यानं वाचू नकोस, बस.

तुझ्या आईकडं दोन फडकी होती. शिवाला दूध सोसत नाही, जिवावर बेततं, असं डॉक्टरांनी तुला सांगितलं आणि तू आम्हाला सांगितलंस, त्याच दिवशी तिनं नवं फडकं आणलं आणि कोपऱ्याला लाल दोरा घातला. ते फडकं फक्त नारळाचं. वेगळ्या दोरीवर वाळायचं, वेगळ्या खुंटीला राहायचं. चक्क्याचं फडकं कधी त्याच्या शेजारी आलं नाही. त्या दिवाळीतही नाही. फडक्याचं मी सांगितलं. ते खोटं होतं.

चंद्री आदल्या दिवशी व्याली होती. चीक काढला. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, चीक विकत नाही, वाटतो, आणि पहिला घास घरातल्या लहान पोराच्या तोंडी लावतो. लावला नाही तर म्हैस आटते, असं माझी आई म्हणायची. तुझ्या आईनं दोन थाळ्या लावल्या. एकीत चिकाचा खरवस, दुसरीत शिवासाठी नारळाचा. दोन्ही पांढरे, दोन्हींवर वेलदोडा. नारळाच्या थाळीवर तिनं ताट उपडं घालून ठेवलं होतं.

लालासाहेब ओसरीवर बसला होता. म्हणाला, "फौजीचा नातू आणि दुधाला भितो व्हय गड्या? आपल्या टायमाला पोरं म्हशीच्या सडाला तोंड लावायची. ही सगळी शहरातल्या डागदरांची थेरं." मी नुसता हसलो असतो तर चाललं असतं. मी उठलो.

चिकाच्या थाळीतली एक वडी उचलली. चुकून नव्हे. मला वाटलं, एकदा खाऊन धडधाकट उभा राहिला, की तुझं डॉक्टरांचं वेड उतरेल. शिवानं वडी हातात घेतली आणि वर बघितलं. तू शिकवलं होतंस ना त्याला, आधी विचारायचं. त्यानं विचारलं, "आजोबा, ही नारळाची ना?"

तेव्हाही मी 'व्हय' म्हणालो होतो.

पुढचं तू बघितलंस. ओठ निळे पडलेले तू बघितलेस. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, दूध किती पोटात गेलं? तू, जावईबापू, सगळे माझ्याकडं बघत होता. माझ्या तोंडातून फडकं निघालं. हिनं गाळताना फडकं बदललं नसेल. डॉक्टर म्हणाला, एवढ्याशानं एवढं कसं? मग सगळे तिच्याकडं वळले.

तिला माहीत होतं. घरातून निघताना तिनं चिकाची थाळी बघितली होती, मधली एक वडी नव्हती. नारळाच्या थाळीवर ताट तसंच होतं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. माझंच चुकलं." तू तिचा हात झटकलास. म्हणालीस, "माझ्या पोराला पुन्हा हात लावू नकोस, तोंड दाखवू नकोस." तिनं पदर सावरला आणि जिन्यात जाऊन बसली. तीन दिवस ती त्या जिन्यातच होती. मी तिला चहा नेऊन दिला नाही, कारण तू बघत होतीस.

घरी आल्यावर मी विचारलं, तू का बोललीस तसं? ती म्हणाली, "बापाचं कळलं तर पोरगी पुन्हा ह्या दारात यायची न्हाई. आईवर राग धरला तर बापापायी तरी येईल. पर तुमी सांगायचं. मी सांगनार न्हाई, तुमी सांगायचं. मी वाट बघते."

डबा परत यायचा, ती माझ्यापुढं ठेवायची आणि 'खा' म्हणायची, ते मागं लिहिलं. अन्नाची कदर म्हणून लिहिलं. तिचं पुढचं वाक्य लिहिलं नाही. "खा. जवा पोरीला सांगशीला, तवा न्हाई वाढायची." ऐंशीच्या वर सोमवार झाले. नारळाचा शिरा, नारळाच्या दुधातली खीर, सगळं शिळं, कधी आंबलेलं, मी मुकाट्यानं खाल्लं. खाणं सोपं होतं. शेवटच्या सोमवारी ती भिंतीला धरून आली. तरी डबा उघडला, वाढला, समोर बसली. मी सगळं संपवलं. मंगळवारी ती गेली.

मी तिच्या चितेवरही खोटंच बोललो. तिची भांडी भंगारात घातली. आणि बुधवारी तुझ्या पोराच्या तोंडून तिला विष घालणारी करून घेतलं. वरच्या खोलीत पंखा आहे का, एवढंच त्या दिवशी मनात होतं.

सांगलीची तिसरी गाडी लागलीय. नानासो खिडकीतून हाका मारतोय, "तात्या, येताय का न्हाई?" पत्र त्याच्याकडं देतो आणि घरी जातो.

केरबा


सातारा, रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रियदर्शनी,

तुझा कागद अडीच महिन्यांनी मिळाला. शब्द न् शब्द इथं उतरवतो, म्हणजे मला नीट कळलं हे तुला कळेल.

"शिवा बारीक झालाय. माझ्या हातचंही विचारून विचारून खातो. त्याला त्या डब्याची चव हवी आहे, म्हणून लिहितेय, नाहीतर लिहिलं नसतं. त्याला सांगितलंय की आजोबा दिवाळीत वारले. आजी आहे. विष आजीनं घातलं नाही, मी चुकीचं सांगितलं होतं, हेही सांगितलंय. इथून पुढं डबा आजी पाठवते. झाकणावर आईचं नाव घाला. फोन करू नका. येऊ नका. त्यानं चिठ्ठी लिहिली तर उत्तर आजीनं द्यायचं. तिच्या वाटणीचं तुम्ही दोन वर्षं जगलात, आता तिला जगू द्या."

मंजूर आहे.

रमजानकडं गेलो होतो, पातेली परत मागायला. म्हणाला, "चाचा, ते कवाच वितळलं." विळी तेवढी एका पोत्याखाली सापडली. तिच्यावरच आता नारळ खवतो.

लालासाहेबाला सगळं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "माझं बोलणं तू मनावर घेतलंस व्हय गड्या? मी गमतीनं बोललो होतो." कप न संपवता उठला. परत आला नाही.

मला 'तात्या' लिहू नकोस, असं तू म्हटलेलं नाहीस. पण तू कागदावर वर काहीच लिहिलेलं नव्हतंस, ते बघितलं. मीही खाली काही लिहीत नाही.

डबा सोबत आहे. झाकणावर नाव घातलंय. मंगल.


सातारा, रविवार, १५ जून २०२५

माझ्या लाडक्या शिवतेजा,

तुझी चिठ्ठी डब्यात मिळाली. अक्षर लय छान आलंय. दुसरीत गेलास, आजीला आनंद झाला.

तू लिवलंस, केक मऊ व्हता आनि वर्गातल्या दोघांना दिला. दे की. पर त्यांचा डबा तू घेऊ नकोस, आई सांगती ते ऐक. कुनी कायबी दिलं तर आधी इचार. इचारल्यावर मान्साच्या तोंडाकडं बघ. नुसतं 'व्हय' म्हनला म्हनून खाऊ नकोस, मानूस आपला असला तरी.

तू इचारलंस, आजी तू माझ्या वाढदिवसाला का येत न्हाईस? लेकरा, मला यायला जमत न्हाई. वाट लांब हाय. डबा येतो तवा मीच आले असं समज.

आनि तू इचारलंस, आजोबा कसे व्हते, आई कायच सांगत न्हाई.

तुझे आजोबा स्वयंपाक झ्याक करायचे. दोनशे मान्सं जेवायची. तुला खांद्यावर घिऊन चंद्री म्हशीजवळ न्यायचे. तुझ्यावर त्यांचा जीव व्हता. आनि त्यांनीच तुला दुधाची वडी दिली. तू इचारलंस, नारळाची ना, तर 'व्हय' म्हनले. ठावं असून म्हनले. मग भ्याले आनि माझं नाव सांगितलं. मी कबूल झाले, ते माझं चुकलं. तवाच खरं बोलायला पायजे व्हतं. तुझ्या आईनं मला टाकलं, त्यात तिची चूक न्हाई. हे तिला वाचून दाखव.

डब्याच्या तळाला एक फडकं घडी करून ठेवलंय. कोपऱ्याला लाल दोरा हाय बघ. ते तुझंच हाय. ह्याच्यातनं दुसरं कायबी कवा गाळलेलं न्हाई. आईला म्हनावं, आता तू कर, नारळ कोमट पान्यात चोळ, घट्ट दूध उकळू नको. तिला जमंल. तिच्या हातचं खात जा रं.

ह्या बारीला नारळाचा खरवस हाय. सगळा खा आनि डबा रिकामा करून पाठव. भरलेला परत आला तर हितं खानारं आता कुनी न्हाई.

तुझी आजी,
मंगल